वाचकांचे प्रश्न : पल्प मासिकांतली अंतराळसाहसं

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं अमेरिकेतल्या जुन्या पल्प मासिकांबद्दल, म्हणजे स्वस्त, खरबरीत कागदावरच्या कथामासिकांबद्दल, आणि त्यांतल्या अंतराळकथांबद्दल आहेत. एकाच रोखाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : ई. ई. 'डॉक' स्मिथची लेन्समन मालिका पहिल्या क्रमांकाच्या पुस्तकापासून वाचायला घेतली. 'ट्रायप्लॅनेटरी' अर्धी झाली तरी गोष्ट सुरू होत नाही. नेटाने पुढे जावं का?

उत्तर : नको. ते पुस्तक बाजूला ठेवा आणि 'गॅलॅक्टिक पेट्रोल' घ्या. गडबड पुस्तकांवर छापलेल्या क्रमांकांत आहे.

१९३४ च्या जानेवारी ते एप्रिलमध्ये 'ट्रायप्लॅनेटरी' 'अमेझिंग स्टोरीज'मधून क्रमशः आली तेव्हा ती स्वतंत्र कादंबरी होती. लेन्स (मनाने मनाशी बोलण्याची शक्ती देणारं साधन) आणि ते वापरणारे गस्तवाले लेन्समन यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता. मालिका खरी सुरू झाली ती सप्टेंबर १९३७ च्या 'अस्टाउंडिंग'मध्ये, 'गॅलॅक्टिक पेट्रोल'पासून. ती सहा अंक चालली. मग ऑक्टोबर १९३९ पासून 'ग्रे लेन्समन', नोव्हेंबर १९४१ पासून 'सेकंड स्टेज लेन्समेन' आणि नोव्हेंबर १९४७ पासून 'चिल्ड्रन ऑफ द लेन्स', प्रत्येकी चार अंकांत. पुढे फॅन्टसी प्रेसने पुस्तकं काढायला घेतली. त्या वेळी, १९४८ साली, स्मिथने जुन्या 'ट्रायप्लॅनेटरी'च्या आधी अटलांटिस, रोम आणि महायुद्धं यांवरची नवी प्रकरणं जोडली आणि तिला मालिकेचा पहिला भाग करून टाकलं. मधली फट बुजवायला 'फर्स्ट लेन्समन' नव्याने लिहिली. ती १९५० ची, थेट पुस्तकरूपात आलेली.

यात वाचकाचं नुकसान झालं. मासिकाच्या वाचकाला शत्रूची ओळख पदरापदराने होत गेली. नायक किम्बल किनिसन एका सूत्रधाराला हरवतो, तर त्याच्यावर आणखी कुणीतरी आहे असं दिसतं. त्याला गाठावं तर त्याच्याही वर कुणीतरी. सगळी मालिका या चढत्या जिन्यावर उभी आहे. नव्या 'ट्रायप्लॅनेटरी'ने मात्र अरिशिया आणि एडोर या दोन ग्रहांवरच्या पुरातन जमातींचं वैर सुरुवातीच्या पानांतच सांगून टाकलं. रहस्यकथेचा खुनी प्रस्तावनेत जाहीर व्हावा, तसं हे झालं.

तेव्हा क्रम असा ठेवा : 'गॅलॅक्टिक पेट्रोल', 'ग्रे लेन्समन', 'सेकंड स्टेज लेन्समेन', 'चिल्ड्रन ऑफ द लेन्स'. त्यानंतर हौस उरली तर 'फर्स्ट लेन्समन' आणि 'ट्रायप्लॅनेटरी'. एखाद्या पुस्तकाच्या आरंभी मागची हकीगत सांगणारी प्रस्तावना असली, तर ती शेवटी वाचा. आणि एका बैठकीत फडशा पाडू नका. ही कादंबरी महिन्याला एक हप्ता या हिशेबाने लिहिलेली आहे. सलग वाचली की विशेषणांचा मारा आणि एकाच शस्त्राची पुन्हापुन्हा ओळख डोक्यात जाते. हप्ता संपल्यावर दोन दिवस थांबलात, तर तीच पुनरावृत्ती उपयोगी वाटू लागते.

प्रश्न : पल्प म्हणजे नेमकं काय? 'अमेझिंग स्टोरीज' हेच पहिलं पल्प मासिक होतं ना?

उत्तर : पहिलं नव्हतं, तीस वर्षांनी उशिरा आलेलं होतं. लाकडाच्या लगद्यापासून केलेला स्वस्त, खरबरीत कागद. साधारण ७ इंच बाय १० इंच आकार. बहुधा न कापलेल्या कडा. वर मात्र गुळगुळीत रंगीत मुखपृष्ठ : हे पल्पचं रूप. फ्रँक मन्सी यांनी १८९६ साली 'द आर्गोसी' हे मासिक संपूर्ण कथांचं केलं आणि अशा कागदावर छापलं, तिथून या धंद्याची सुरुवात धरतात. त्यांच्याच 'द ऑल-स्टोरी'मध्ये फेब्रुवारी ते जुलै १९१२ या काळात एडगर राइस बरोज यांची 'अंडर द मून्स ऑफ मार्स' आली. लेखकाचं नाव छापलं होतं नॉर्मन बीन. त्यांनी स्वतः निवडलं होतं 'नॉर्मल' बीन, म्हणजे डोकं ठिकाणावर असलेला माणूस. छापताना ते 'दुरुस्त' झालं. याच कादंबरीचं १९१७ मध्ये 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' झालं.

ह्यूगो गर्न्सबॅक यांचं 'अमेझिंग' एप्रिल १९२६ चं. फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं पहिलं इंग्रजी मासिक हा त्याचा मान. सुरुवातीच्या अंकांचा आकार पल्पपेक्षा मोठा आणि कागद जाड, त्यामुळे काटेकोर बोलायचं तर तो पल्पही नव्हता. पहिल्या अंकात सगळ्या कथा आधी छापून आलेल्या : व्हर्न, वेल्स, पो वगैरे. नवे लेखक तयार व्हायला दोन वर्षं गेली.

प्रश्न : या लेखकांना मानधन किती मिळे? त्यावर पोट भरत असे का?

उत्तर : दर शब्दावर ठरे, आणि तोच या कथांची बरीचशी गुणदोषांची कुंडली मांडतो.

बरोज यांना पहिल्या कादंबरीचे ४०० डॉलर मिळाले. स्मिथच्या 'द स्कायलार्क ऑफ स्पेस'ला 'अमेझिंग'ने १९२८ मध्ये तीन अंकांत चालवून दिले १२५ डॉलर. स्मिथ अन्नरसायनशास्त्रातला डॉक्टरेट, नोकरी करून लिहिणारा, त्यामुळे त्याला ते परवडलं. गर्न्सबॅक यांच्या मासिकांत अर्धा सेंट शब्द हा दर सर्रास असे आणि तोही कथा छापून झाल्यावर, अनेकदा त्यानंतरही पुष्कळ उशिराने. जानेवारी १९३० मध्ये विल्यम क्लेटन यांनी 'अस्टाउंडिंग स्टोरीज ऑफ सुपर-सायन्स' काढलं. संपादक हॅरी बेट्स. तिथे शब्दामागे दोन सेंट, आणि पैसे कथा स्वीकारताच. म्हणजे दहा हजार शब्दांच्या कथेला एका दारी २०० डॉलर ताबडतोब आणि दुसऱ्या दारी ५० डॉलर, जेव्हा देतील तेव्हा. पोटासाठी लिहिणारा लेखक आधी कुठलं दार ठोठावेल हे उघड आहे. म्हणून क्लेटनच्या काळातल्या अंकांत सराईत साहसकथालेखक जास्त दिसतात : गोष्ट पळते, मारामारी झकास, विज्ञान नावापुरतं. क्लेटनचा धंदा १९३३ मध्ये बुडाला. मग स्ट्रीट अँड स्मिथने मासिक घेतलं, एफ. ऑर्लिन ट्रेमेन संपादक झाले, आणि तिथून त्याचा दर्जा चढत गेला.

शब्दावर पैसे म्हटल्यावर कथेत पाणी घालणं आलंच. ते ओळखायच्या जागा ठरलेल्या असतात : एकाच लढाईचं दोनदा वर्णन, प्राध्यापकमहाशयांचं यंत्राबद्दलचं व्याख्यान, आणि 'म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की…' छापाचे संवाद, ज्यांत एक पात्र दुसऱ्याचं वाक्य पुन्हा म्हणतं. एडमंड हॅमिल्टनसारखा वेगाने लिहिणारा लेखकही यातून सुटलेला नाही. त्याच्या 'वीअर्ड टेल्स'मधल्या इंटरस्टेलर पेट्रोलच्या कथा, १९२८ च्या 'क्रॅशिंग सन्स'पासूनच्या, एका मागोमाग वाचल्या तर साचा लगेच दिसतो : ताऱ्यांवर किंवा ग्रहांवर संकट, गस्तीनौका निघते, पकडली जाते, ऐन वेळी सुटते. ग्रहतारे इतके फुटत की त्याला 'वर्ल्ड रेकर', म्हणजे जगं फोडणारा, हे नावच पडलं. एकेक कथा महिन्याच्या अंतराने वाचली तर मात्र अजूनही दम लागतो, हे मान्य करायला हवं.

प्रश्न : आइनस्टाइनचा सिद्धान्त तर १९०५ चा. मग या लेखकांनी प्रकाशापेक्षा वेगवान यानं कशी उडवली? त्यांना माहीत नव्हतं की त्यांनी डोळेझाक केली?

उत्तर : माहीत होतं. पळवाटा तीन प्रकारच्या निघाल्या आणि तिन्हींचे परिणाम कथेवर निरनिराळे झाले.

पहिली, सरळ नाकारणं. 'स्कायलार्क'मध्ये रिचर्ड सीटन या रसायनशास्त्रज्ञाला एक अज्ञात धातू सापडतो. तो जवळ असला की तांब्याचं पूर्णपणे ऊर्जेत रूपांतर होतं. यान तांब्याच्या कांडीवर चालतं आणि प्रकाशाचा वेग ओलांडतं. पात्रं म्हणतात, सिद्धान्त तो सिद्धान्त, आपण इतक्या दूर आलो ही वस्तुस्थिती. भौतिकशास्त्र म्हणून हे टिकत नाही. सापेक्षता क्षणभर विसरली तरी, पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतक्या त्वरणाने, म्हणजे दर सेकंदाला ९.८ मीटर प्रतिसेकंद या वाढीने, तीन लाख किलोमीटर प्रतिसेकंद गाठायला सुमारे ३५४ दिवस लागतात. गोष्ट तेवढी थांबू शकत नाही, म्हणून पात्रांना कित्येक पट त्वरणाखाली चिरडून घ्यावं लागतं. पण स्मिथने इंधनाचा हिशेब मात्र काटेकोर ठेवला. यान भरकटतं ते तांबं संपेपर्यंत, आणि परतायचं तर आधी कुठल्यातरी ग्रहावर तांबं शोधायला हवं. पुढचं सगळं कथानक त्या एका टंचाईतून निघतं. यंत्राची मर्यादा हीच गोष्टीचं इंजिन, हा धडा नंतरच्या लेखकांनी इथून घेतला.

दुसरी पळवाट स्मिथचीच, लेन्समनमधली, आणि अधिक हुशारीची. त्वरणाला विरोध करतं ते जडत्व; मग जडत्वच काढून टाकलं तर? जडत्वहीन यानाला वेग घ्यायला वेळ लागत नाही. इंजिनाचा रेटा आणि अवकाशातल्या विरळ द्रव्याचा अडथळा जिथे समान होतील, तो त्याचा वेग. म्हणून निमुळत्या आकाराचं यान जास्त पळतं, आणि दोन दीर्घिकांच्या मधल्या, द्रव्य आणखी विरळ असलेल्या पोकळीत तर आणखी. यातली मेख अशी, की जडत्व परत आणताच यानाला आपला मूळ वेग, मूळ दिशेसह, जसाच्या तसा परत मिळतो. पृथ्वीवरून निघालेलं यान दुसऱ्या सूर्याच्या ग्रहावर नुसतं टेकवून जडत्व सुरू केलं, तर दोन ग्रहांच्या वेगांतल्या फरकाने ते जमिनीवर आपटेल किंवा उडून जाईल. त्यामुळे उतरण्याआधी अवकाशात दूर जाऊन, जडत्व सुरू करून, इंजिनाने वेग जुळवून घ्यावा लागतो. माणूस एका यानातून दुसऱ्यात नेतानाही हेच. नियम काल्पनिक, पण एकदा घातला की लेखकाने तो पाळला. वाचताना बारकाईने पाहा : लढाईतली निम्मी युक्ती कोण कधी जडत्वात येतो यावर आहे.

तिसरी वाट जॉन डब्ल्यू. कॅम्बेलची. १९३१ च्या 'आयलंड्स ऑफ स्पेस'मध्ये त्याचे तीन शास्त्रज्ञ नायक यानाभोवतीचं अवकाशच वाकवतात, म्हणजे प्रकाशाशी शर्यत लावायचीच नाही. हायपरस्पेस, म्हणजे नेहमीच्या अवकाशाबाहेरची कल्पित वाट, हा शब्द वापरणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कथांत तिची गणना होते. नंतरच्या लेखकांनी मुख्यतः हीच वाट धरली, कारण ती स्वस्त आहे : एका वाक्यात प्रवास उरकतो. अडचणही तीच. प्रवास फुकट झाला की अंतराला किंमत राहत नाही आणि दूरची दीर्घिका शेजारच्या गल्लीसारखी वाटू लागते. कॅम्बेलच्या या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत यंत्रांची वर्णनं पानंच्या पानं चालतात आणि माणसं एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. तोच कॅम्बेल १९३४ मध्ये डॉन ए. स्टुअर्ट या नावाने 'ट्वायलाइट' लिहितो, ती आधी वाचा. १९३७ च्या अखेरीस तो 'अस्टाउंडिंग'चा संपादक झाला आणि आपण स्वतः लिहीत होतो तसल्या कथा त्याने हळूहळू बंद पाडल्या.

प्रश्न : मंगळावर कालवे, शुक्रावर दलदलीची जंगलं, बुधावर कायम उजेड आणि कायम अंधार. लेखक इतके अडाणी होते?

उत्तर : बहुतेक वेळा ते त्या काळच्या खगोलशास्त्राला धरूनच होते. मंगळावरच्या रेषा खगोलशास्त्रज्ञ स्कियापारेल्ली यांनी १८७७ मध्ये नोंदवल्या. पर्सिव्हल लोवेल यांनी १८९५ च्या पुस्तकात त्या मरणपंथाला लागलेल्या संस्कृतीचे कालवे ठरवल्या. बरोजचा कोरडा, जर्जर मंगळ त्या चित्राशी तंतोतंत जुळतो. शुक्र ढगांखाली झाकलेला, त्यामुळे स्वान्टे अरेनियस यांच्यासारख्या नोबेल मिळवलेल्या रसायनशास्त्रज्ञानेही १९१८ मध्ये तिथे ओली, दलदलीची भूमी कल्पिली होती. बुधाची एक बाजू कायम सूर्याकडे असते हे तर १९६५ पर्यंत पाठ्यपुस्तकातलं मत होतं. त्या वर्षी रडारने त्याचा फेरा सुमारे ५९ दिवसांचा असल्याचं दाखवलं.

तेव्हा दोन तारखा लक्षात ठेवा. डिसेंबर १९६२ मध्ये मॅरिनर २ हे अमेरिकी यान शुक्राजवळून गेलं आणि तो भट्टीसारखा तापलेला असल्याचं स्पष्ट झालं. जुलै १९६५ मध्ये मॅरिनर ४ ने मंगळावरची विवरं दाखवली आणि तिथला हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याचं कळलं. यांच्या आधीच्या कथेला या मुद्द्यावर दोष देऊ नये.

लघुग्रहांच्या पट्ट्यात दगड चुकवत नागमोडी जाणारं यान मात्र तेव्हाही चूकच होतं. पट्टा एवढा अफाट आहे की दोन लघुग्रहांमधलं सरासरी अंतर दहा लाख किलोमीटरच्या घरात जातं. हे समजायला रडारची गरज नव्हती. कालव्यांचंही तसंच : १९०९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ अँतोनियादी यांनी पॅरिसजवळच्या मदाँ वेधशाळेच्या मोठ्या दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा सरळ रेषा विरून तुटक ठिपके दिसले. चाळिशीच्या दशकात लेखिका ली ब्रॅकेट जुना मंगळ रंगवत होती तो अज्ञानामुळे नाही. तो मंगळ म्हणजे अनेक लेखकांनी सामाईक वापरायची रंगभूमीच झाली होती.

प्रश्न : या कथांत परग्रहवासी म्हणजे डोळे वटारलेला राक्षस, एवढंच का?

उत्तर : जुलै १९३४ च्या 'वंडर स्टोरीज'मधली स्टॅन्ली वेनबॉमची 'अ मार्शियन ओडिसी' वाचा. बिघडलेल्या यानातून उतरून जार्विस मंगळावर पायी परत निघतो आणि वाटेत त्याला ट्वील भेटतो : पक्ष्यासारखा दिसणारा, हुशार, पण माणसासारखा विचार न करणारा. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही आणि शेवटपर्यंत नीट येतही नाही. तरी मैत्री होते.

त्याच कथेत विटा टाकणारा एक प्राणी आहे, आणि तो रसायनशास्त्रावर उभा आहे. आपण कार्बनचे; श्वासातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तो वायू, म्हणून त्रास होत नाही. सिलिकॉनच्या प्राण्याने ऑक्सिजन वापरला तर तयार होईल सिलिकॉन डायऑक्साइड, म्हणजे वाळूचं द्रव्य. ते घन; श्वासावाटे जाणार नाही. म्हणून हा प्राणी दर दहा मिनिटांनी एक वीट बाहेर टाकतो, आपल्याभोवती पिरॅमिड बांधतो, तो भरला की फोडून पुढे सरकतो. खऱ्या रसायनशास्त्रात सिलिकॉनच्या लांब साखळ्या ऑक्सिजन आणि पाण्यापुढे टिकत नाहीत, त्यामुळे असा जीव होणं कठीण. पण 'मग हा श्वास कसा सोडेल?' हा प्रश्न विचारणारा लेखक तोवर विरळा होता. वेनबॉम डिसेंबर १९३५ मध्ये कर्करोगाने गेला, वयाच्या ३३ व्या वर्षी. ही पहिली विज्ञानकथा छापून आल्यापासून दीड वर्षही झालं नव्हतं.

प्रश्न : त्या काळात लेखिका होत्या का, की सगळ्या पुरुषी टोपणनावांनी लिहीत?

उत्तर : होत्या, आणि स्वतःच्या नावाने लिहिणाऱ्याही होत्या. क्लेअर विंगर हॅरिस यांची 'द फेट ऑफ द पोसायडोनिया' जून १९२७ च्या 'अमेझिंग'मध्ये आली. आधी छापलेल्या मुखपृष्ठावरून कथा लिहा, अशी ती स्पर्धा होती आणि त्यांना तिसरं बक्षीस मिळालं. सी. एल. मूर, म्हणजे कॅथरीन ल्यूसिल मूर, आद्याक्षरं वापरत त्या संपादकांच्या भीतीने नव्हे : त्या बँकेत नोकरीला होत्या आणि आपण लिहून कमावतो हे तिथे कळू नये असं त्यांना वाटे. 'वीअर्ड टेल्स'च्या नोव्हेंबर १९३३ च्या अंकातली 'शॅम्ब्लो' ही त्यांची पहिली गाजलेली कथा. नायक नॉर्थवेस्ट स्मिथ हा अंतराळातला तस्कर. पण बंदुकीपेक्षा त्याच्या मनाचा ताबा कसा सुटतो याला तिथे महत्त्व आहे. हेन्री कटनर या लेखकाने त्यांना पुरुष समजून चाहत्याचं पत्र धाडलं, आणि १९४० मध्ये दोघांचं लग्न झालं. ली ब्रॅकेटची सुरुवात फेब्रुवारी १९४० च्या 'अस्टाउंडिंग'मध्ये झाली, पण तिचं खरं घर 'प्लॅनेट स्टोरीज'. निव्वळ साहस हवं असेल तर १९४९ च्या उन्हाळी अंकातली 'क्वीन ऑफ द मार्शियन कॅटकोम्ब्स' घ्या. वाक्यं आखूड, वर्णन मोजकं. स्मिथनंतर लगेच वाचलीत तर डोळ्यांना आराम पडतो.

प्रश्न : एका जुन्या संग्रहातून १९३० च्या दशकातले काही अंक मिळाले. पानं तपकिरी झाली आहेत, हात लावला की तुकडे पडतात. काय करावं?

उत्तर : आधी कारण समजून घ्या. लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन राहतं. उजेड आणि हवा लागून ते पिवळं-तपकिरी पडतं. शिवाय शाई फुटू नये म्हणून कागदात तुरटी आणि राळ घालत. त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे धागे आतून तोडतं. तुटलेले धागे पुन्हा जुळत नाहीत. वेग कमी करणं एवढंच आपल्या हातात.

अंक पूर्ण उघडून सपाट दाबू नका. अनेक पल्प अंकांचे फर्मे, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, बाजूने आरपार तार मारून बांधलेले असतात आणि त्यावर मुखपृष्ठ सरसाने चिकटवलेलं असतं. सपाट केला की कणा तडकतो आणि पानं तारेपाशी फाटतात. दोन्ही बाजूंना आधार देऊन फार तर काटकोनात उघडा. सपाट स्कॅनरवर दाबण्यापेक्षा वरून कॅमेऱ्याने फोटो घ्या आणि वाचन त्यावरच करा. गंजलेली तार उपटायला जाऊ नका, भोवतीचा कागद तारेसकट येतो. सुटलेले तुकडे पाकिटात घालून पृष्ठक्रमांक पेन्सिलने लिहा.

चिकटपट्टी अजिबात नको. तिचा गोंद काही वर्षांत कागदात मुरून तेलकट डाग पडतो, पट्टी गळून पडते आणि डाग राहतो. फाटलेल्या जागी जपानी टिश्यू कागदाची ५ ते ८ मिलिमीटर रुंदीची पट्टी, कडा हाताने फाडलेल्या, आणि गव्हाच्या सत्त्वाची दाट खळ वापरतात. खळ ओलसर असली की जुन्या कागदावर पाण्याची तपकिरी रेघ उमटते. म्हणून ती घट्ट ठेवून अगदी कमी लावायची आणि वर टिपकागद ठेवून वजनाखाली वाळवायचं. मौल्यवान अंकावर हा हात पहिल्यांदा चालवू नका. त्याच काळातल्या फाटक्या जाहिरातीच्या पानावर सराव करा. लॅमिनेशन तर कधीच नको, ते परत काढता येत नाही.

साठवणीला पॉलिएस्टरची किंवा पॉलिप्रॉपिलीनची पिशवी आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेला आम्लविरहित पुठ्ठा. पीव्हीसीची पिशवी स्वतःच आम्ल सोडते. तापमान २० अंश सेल्सियसच्या खाली, आर्द्रता ३० ते ५० टक्के, आणि मुख्य म्हणजे दोन्हींत चढउतार नको. माळा आणि तळघर दोन्ही वाईट. आम्ल मारणारे फवारे मिळतात. त्यांनी पुढची झीज मंदावते, पण ठिसूळ पान लवचीक होत नाही, आणि काही शाया पसरतात. कोपऱ्यात आधी तपासा.

अंक मूळ आहे की पुनर्मुद्रण, हे पाहायला कागद पुरेसा आहे : नव्वद वर्षांचं लगद्याचं पान पांढरंशुभ्र असत नाही. मग पानं मोजा. जाहिरातीची पानं आणि मधला फर्मा गायब असण्याचं प्रमाण मोठं.

प्रश्न : जुन्या कथा कायदेशीरपणे वाचायला कुठे मिळतील? पुस्तकातला मजकूर मूळचाच असतो का?

उत्तर : अमेरिकेत त्या काळी प्रसिद्ध झालेल्या कथेचा स्वामित्वहक्क जास्तीत जास्त ९५ वर्षं टिकतो आणि पुढच्या १ जानेवारीला संपतो. शिवाय १९६३ पर्यंतच्या कथांचा हक्क २८ व्या वर्षी नूतनीकरण करावा लागे. अनेकांनी केला नाही, ते मजकूर आधीच मुक्त झाले. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर 'द स्कायलार्क ऑफ स्पेस', 'अ मार्शियन ओडिसी' आणि सुरुवातीच्या 'अस्टाउंडिंग'चे बरेच अंक आहेत.

पुस्तकातला मजकूर अनेकदा बदललेला असतो. 'स्कायलार्क' स्मिथने १९५८ च्या आवृत्तीसाठी बरीच छाटली. मूळ मासिकात ली हॉकिन्स गार्बी यांचं नाव सहलेखिका म्हणून होतं. प्रेमप्रसंग लिहायला स्मिथने त्यांची मदत घेतली होती. कुठली आवृत्ती हाती आहे हे ठरवायला इंटरनेट स्पेक्युलेटिव्ह फिक्शन डेटाबेस वापरा : कथेचं नाव टाकलं की पहिलं मासिक, महिना, पर्यायी शीर्षकं आणि नंतरची पुस्तकं एका पानावर मिळतात. अंकावर छापलेला महिना मात्र विक्रीच्या दिवसापेक्षा पुढचा असतो. एप्रिल १९२६ चा 'अमेझिंग' मार्चमध्येच बाजारात होता.

प्रश्न : चार भागांची अंतराळसाहसाची मालिका लिहितो आहे. दुसऱ्या भागानंतर ती ढेपाळते. पल्पवाले हे कसं निभावत?

उत्तर : ढेपाळण्याची दोन कारणं नेहमीची. पहिलं, हप्ता नुसत्या संकटावर तोडलेला असतो. नायक कड्यावर लोंबकळतो आहे, पुढच्या भागाच्या पहिल्या ओळीत वर येतो. वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. हप्ता तोडा तो परिस्थिती बदलणाऱ्या माहितीवर : शत्रू समजत होतो तो केवळ हस्तक निघाला, परतीचं इंधन उरलं नाही.

दुसरं, शस्त्रांची चढाओढ. एकदा मोठी तोफ दाखवली की पुढच्या भागात तिच्याहून मोठी लागते, आणि प्रकरण मारुतीच्या शेपटासारखं वाढत जातं. स्मिथने 'ग्रे लेन्समन'मध्ये शत्रूचा ग्रह दोन ग्रहांच्या मध्ये चिरडला, पुढच्या कादंबरीत अख्ख्या सूर्याची ऊर्जा एका किरणात कोंडली. त्याच्यापुढे जायला जागाच उरली नाही, आणि शेवटच्या कादंबरीत त्याला लढाई मनांच्या पातळीवर न्यावी लागली. तुमच्या चार भागांची कमाल मर्यादा आधी ठरवा आणि पहिल्या भागात तिच्या एक चतुर्थांशावर थांबा. यंत्राचा एक नियम आणि एक उणीव पहिल्या हजार शब्दांत येऊ द्या; चौथ्या भागातली सुटका त्याच उणिवेतून निघाली पाहिजे. दुसऱ्या भागापासून आरंभी दीडशे शब्दांत मागचा गोषवारा द्या, म्हणजे तो संवादांत कोंबावा लागणार नाही.

लिहून झालं की एक जुनी कसोटी लावा. ऑक्टोबर १९५० मध्ये 'गॅलॅक्सी' मासिकाच्या पहिल्या अंकाच्या मलपृष्ठावर एकच प्रसंग शेजारी शेजारी दोनदा छापला होता : एकात घोडा आणि पिस्तूल, दुसऱ्यात यान आणि किरणबंदूक, बाकी वाक्यं जवळजवळ तीच. असल्या कथा इथे मिळणार नाहीत, ही संपादकांची ग्वाही. तुमच्या कथेतलं यान काढून घोडा घाला. काहीही मोडलं नाही, तर कथेत अंतराळ नाही.

प्रश्न : ऑगस्ट १९२८ च्या 'अमेझिंग'वर पाठीला यंत्र बांधून उडणारा माणूस आहे. तो बक रॉजर्स ना?

उत्तर : नाही. फ्रँक आर. पॉल यांचं ते चित्र 'स्कायलार्क'च्या पहिल्या हप्त्यासाठी काढलेलं. घोळ होतो तो त्याच अंकात फिलिप फ्रान्सिस नोलन यांची 'आर्मगेडन २४१९ ए. डी.' असल्यामुळे. तिच्या नायकाचं नाव अँथनी रॉजर्स. 'बक' तो ७ जानेवारी १९२९ रोजी वर्तमानपत्रातली चित्रमालिका सुरू झाली तेव्हा झाला.

प्रश्न : 'कॅप्टन फ्यूचर'च्या काही अंकांवर हॅमिल्टन, काहींवर ब्रेट स्टर्लिंग असं नाव आहे. हे दोन लेखक का?

उत्तर : ब्रेट स्टर्लिंग हे प्रकाशनसंस्थेचं सामाईक टोपणनाव. १९४० ते १९४४ या काळात निघालेल्या या मासिकातल्या बहुतेक कादंबऱ्या हॅमिल्टनच्याच, त्यांपैकी काही स्टर्लिंगच्या नावावर छापल्या गेल्या. दोन मात्र खरोखर दुसऱ्याच्या आहेत : त्या जोसेफ समॅक्सन यांनी लिहिल्या.